मिलवॉकीची विंग पोपला गेली, मग कुठेच राहिली नाही : ४४० व्या एअरलिफ्ट विंगची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१६ मधे नॉर्थ कॅरोलिनातल्या पोप फील्डवर अमेरिकन एअर फोर्स रिझर्वची, म्हणजे हवाई दलाच्या राखीव, अर्धवेळ माणसांची ४४० वी एअरलिफ्ट विंग (वाहतूक विमानांची तुकडी) बंद झाली. तेव्हाच्या बातम्यांमधे कारण म्हणून बजेट, जुनी विमानं वगैरे आलं होतं. तेवढं वाचून काही उलगडत नाही, कारण ही विंग मुळात पोपची नव्हतीच, नऊ वर्षं आधी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीहून उचलून तिथे आणून ठेवलेली होती.

सुरुवातीचं पटकन उरकतो. १ जुलै १९४३ ला इंडियानात ट्रूप कॅरियर ग्रुप, म्हणजे सैनिक वाहून नेणाऱ्या विमानांचा गट, म्हणून उभी राहिली. डी-डेच्या, म्हणजे जून १९४४ मधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईच्या, रात्री इंग्लंडमधल्या एक्सेटरहून तिची ४५ सी-४७ विमानं उडाली, आत १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे पॅराट्रूपर, काम काय तर डूव्ह नदीवरच्या पुलांजवळ त्यांना उतरवायचं. मग हॉलंड, बेल्जियममधल्या वेढ्यात सापडलेल्या बास्तोनवर वरून दारूगोळा आणि औषधं टाकणं, जर्मनीतली ऱ्हाइन नदी ओलांडणं. लढाई संपली, ग्रुप मोडला, आणि १९४७ मधे मिनियापोलिसला रिझर्व म्हणून परत जमवला.

१९५१ चा किस्सा मात्र सांगायलाच हवा. कोरियासाठी मे महिन्यात विंगला ड्यूटीवर बोलावलं आणि काही दिवसांतच विंग बंद करून टाकली! माणसं दुसऱ्या युनिट्समधे जिथे जागा रिकामी होती तिथे भरली. वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेली माणसं, आणि वेळ आली तेव्हा एकत्र गेलीच नाहीत. पुढच्या वर्षी विंग परत उभी केली, ती सुद्धा फायटर-बॉम्बर म्हणून, आणि १९५७ मधे पुन्हा वाहतुकीवर आणून मिलवॉकीला हलवली. तिथे ती पन्नास वर्षं राहिली.

मिलवॉकीच्या एअरपोर्टवरून ये-जा केलेल्या आपल्या लोकांनी रनवेच्या पलीकडे उभी असलेली करड्या रंगाची सी-१३० बघितली असतील, ती हीच. त्याआधी सी-११९ होती, दोन शेपट्यांची, डब्यासारखी, रेग्युलरवाल्यांनी, म्हणजे पूर्णवेळ हवाई दलाने, वापरून खाली दिलेली. क्यूबाच्या पेचात १९६२ मधे याच विमानांसकट विंगला महिनाभर बोलावलं होतं. आणि बर्म्युडा ट्रँगलच्या यादीत ५ जून १९६५ ला गायब झालेलं जे सी-११९ हमखास असतं तेही हिचंच. ग्रँड टर्क बेटावर विंगचंच दुसरं विमान बिघडून पडलं होतं, ते दुरुस्त करायला सुटे भाग आणि मेकॅनिक घेऊन दहा जण फ्लोरिडाहून निघाले, पोचले नाहीत. गूढबिढ सोडा, बिघडलेल्या विमानामागे स्वतःचे मेकॅनिक स्वतःच्याच विमानातून पाठवायचे, हा तेव्हाचा रिझर्वचा रोजचा कारभार होता.

आता रिझर्व म्हणजे काय, तर आपली टेरिटोरियल आर्मी डोळ्यापुढे आणली तर साधारण अंदाज येतो. महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षाचे दोन आठवडे असं म्हणतात, पण विमान उडवणाऱ्यांचं तेवढ्यावर भागत नाही, त्यांना मधेमधे सुट्ट्या टाकून येऊन तास भरावे लागतात. आणि १९५८ पासून टेक्निशियन नावाचा एक प्रकार आहे जो बाहेरच्याला विचित्र वाटतो : सोमवार ते शुक्रवार हा माणूस सरकारी सिव्हिलियन नोकर म्हणून एका विमानाच्या इंजिनात हात घालून बसलेला असतो आणि ड्रिलच्या, म्हणजे सरावाच्या, शनिवारी तोच माणूस सार्जंट म्हणून त्याच इंजिनापाशी उभा असतो. युनिट खरं चालतं ते या लोकांवर. एकच फ्रेम वीस वीस वर्षं हाताळलेली माणसं, कुठला बोल्ट रडतो ते फाइल न उघडता सांगतील.

इथून गुंता सुरू होतो, आणि गुंता आहे 'असोसिएट' या शब्दाचा.

१९६८ मधे कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन बेसवर पहिलं असोसिएट युनिट निघालं. विचार साधा होता. सी-१४१ सारखं महागडं जेट शांततेच्या काळात दिवसातून थोडेच तास उडतं, युद्धात तेच जवळजवळ सतत उडवायचं, मग विमानं तेवढीच ठेवून क्रू दुप्पट करा, आणि वाढीव क्रू रिझर्वमधून घ्या. विमान रेग्युलर विंगच्या मालकीचं, रिझर्ववाले फक्त माणसं आणणार. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वापरलेली विमानं उडवली त्यांना एकदम नवीकोरी जेट मिळाली, फक्त स्वतःचं म्हणावं असं एकही नाही. तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली, पण जड वाहतुकीत ते जमलं, अजून चालू आहे.

पोपला २००७ मधे जे केलं त्यालाही असोसिएटच म्हणायचे, फक्त पुढे 'ॲक्टिव्ह' लावून, आणि इथे सगळं उलटं. विमानं रिझर्वची, रेग्युलर स्क्वाड्रन पाहुणी. पेपरवाले दोन्हीला एकच शब्द वापरायचे त्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं रिझर्ववाले परत कुणाच्या तरी विमानांवर बसलेत. एकाच हँगरमधे दोन कमांड, रेग्युलरवाल्याच्या बदलीचा निर्णय एका साखळीतून, त्याच्या शेजारी काम करणाऱ्या रिझर्ववाल्याचा दुसऱ्या. रोजच्या कामात हे निभतं, माणसं शहाणी असतात. प्रश्न येतो वरून कात्री लागते तेव्हा, की हे युनिट नक्की कुणाचं आणि त्याच्यासाठी भांडायचं कुणी?

पोपला नेलंच का? २००५ च्या बेस बंद करायच्या फेरीत ठरलं. पोपची रेग्युलर सी-१३० बरीचशी अर्कान्सासला जायची, बेस शेजारच्या फोर्ट ब्रॅगला म्हणजे आर्मीला द्यायचा, मिलवॉकीचं स्टेशन बंद करायचं आणि ४४० वी तिथून उचलून पोपला ठेवायची. नकाशावर छान दिसतं, कारण ब्रॅगला ८२ वी एअरबोर्न ही पॅराट्रूपरांची डिव्हिजन आहे, पॅराट्रूपरला जंप पे (उडीचा भत्ता) टिकवायचा तर दर तीन महिन्यांनी एक तरी उडी लागते, विमान दारातच हवं.

पण रिझर्वच्या माणसाची बदली होत नाही, हे त्या नकाशावर दिसत नव्हतं. त्याची नोकरी मिलवॉकीत, घराचा हप्ता मिलवॉकीत, बायकोची नोकरी आणि पोरांची शाळाही तिथेच. पोप रस्त्याने दीड हजार किलोमीटरच्या आसपास, आणि ड्रिलला येण्याजाण्याचा खर्च बहुतेकदा ज्याचा त्याने करायचा. त्यामुळे विमानं गेली, झेंडा गेला, नंबर गेला, माणसं मात्र बरीच मागेच राहिली, कुणी दुसऱ्या युनिटमधे गेलं, कुणी पेन्शन घेतली. पोपला मग नवीन भरती, नवीन ट्रेनिंग, आणि लोडमास्टर, म्हणजे विमानातलं सामान आणि उड्या सांभाळणारा माणूस, काही सहा महिन्यांत तयार होत नाही. माझ्या मते विंग खरी मोडली ती इथेच, २०१६ मधे फक्त कागद झाला.

तरी त्यांनी पोपला बसवली, अफगाणिस्तान-इराकच्या फेऱ्या केल्या. मधे असंही ठरलं होतं की मिसिसिपीतल्या कीसलर बेसवरची दहा नवी सी-१३०जे पोपला द्यायची. मग मार्च २०१४ च्या बजेटमधे हवाई दलाने पलटी मारली, पोपची विंगच बंद करायची आणि ती 'जे' अर्कान्सासला पाठवायची. मिसिसिपीच्या खासदारांनी रान उठवलं आणि विमानं शेवटी कीसलरलाच राहिली. नॉर्थ कॅरोलिनावाल्यांनीही कमी आरडाओरडा केला नाही, ब्रॅगच्या ट्रेनिंगचं काय होणार याचा रिपोर्ट आधी द्या अशी अट कायद्यातच घालून घेतली, त्यात वेळ गेला एवढंच.

हवाई दलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हेही लिहायला पाहिजे. ब्रॅगला उड्या मारायला देशभरातून विमानं आधीपासूनच येत होती, सी-१७ मधून एका वेळी १०२ पॅराट्रूपर उडी मारतात आणि सी-१३०एच मधून ६४, आणि पोपची विमानं जुनी होती. पण लांबून येणारं विमान वाटेत बिघडलं, हवामानात अडकलं तर शेकडो माणसं पॅराशूट बांधून शेडमधे बाकड्यावर बसून राहतात, आणि उडी रद्द झाली की सगळं सामान परत जमा. हा खर्च हवाई दलाच्या नाही, आर्मीच्या वहीत पडतो. त्यामुळे बचत नक्की कुणाची झाली हे मला आजही पटलेलं नाही.

जून २०१६ मधे शेवटची सी-१३० पोपवरून गेली, सप्टेंबरात झेंडा गुंडाळला, पाहुणी रेग्युलर स्क्वाड्रनही त्याच वर्षी बंद झाली. यातला सरकारी शब्द 'इनॲक्टिव्हेट' आहे, म्हणजे विंग रद्द केलेली नाही, नंबर आणि डी-डेचे मान कागदावर शाबूत, हवं तेव्हा परत काढता येतात. १९५१ मधे हाच शब्द वापरला होता आणि पुढच्याच वर्षी विंग परत उभी केली होती. या वेळी अजून कुणी काढलेली नाही.