‘कंपनीत आहे’ एवढं पुरत नाही

जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून “मुलगा काय करतो?” असं विचारतो, तेव्हा सांगली जिल्ह्यात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे “ऑपरेटर आहे.” उत्तर खरं असतं, तरी त्यावरून काहीच कळत नाही. विट्यात यंत्रमाग चालवणारा ऑपरेटर, ऊसपट्ट्यात चारी खणणारा जेसीबीवरचाही ऑपरेटर आणि संगणकावर माहिती भरणाराही ऑपरेटरच. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ म्हणजे प्रत्येक कामाला संकेतांक देणारी सरकारी यादी; तिच्याप्रमाणे पहिल्याचा गट ८१५२, दुसऱ्याचा ८३४२ आणि तिसऱ्याचा ४१३२. संकेतांक देणाऱ्यानं ते घर पाहिलेलं नसतं, त्याच्यापुढे फक्त लिहिलेले शब्द असतात. तिथं नुसतं ‘ऑपरेटर’ असेल तर तो अंदाज करणार किंवा नोंद ‘अवर्गीकृत’मध्ये टाकणार.

हा संकेतांक डावीकडून उजवीकडे बारीक होत जातो. मिरजेच्या सतारमेकरचं उदाहरण घेऊ. ७ म्हणजे कारागिरीची कामं, ७३ म्हणजे हस्तकला आणि छपाई, ७३१ म्हणजे हस्तकला, आणि ७३१२ म्हणजे वाद्यं बनवणारे व सुरात लावणारे. पुढचे चार अंक काम आणखी नेमकं करतात, म्हणजे एकूण आठ. ‘वाद्यांचं दुकान’ असं लिहिलं तर हाच माणूस दुकानदारांत जाऊन बसतो. ‘कारागीर’ लिहिलं तर तो आणि सोनं-चांदी गाळणारा विट्याकडचा गलाईवाला यांच्यात फरकच उरत नाही. ‘तंबोऱ्याचा भोपळा कोरतो, तारा चढवतो’ हे लिहायला फार तर दहा सेकंद जास्त लागतात, आणि ती द्यायलाच हवीत.

२०११ च्या जनगणनेत देशात ४८.१७ कोटी काम करणारे नोंदले गेले. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग हे तीन वर्ग वगळल्यावर ‘इतर’ या एकाच वर्गात सुमारे २० कोटी माणसं उरली, म्हणजे ४१.६ टक्के. शिक्षक, गवंडी, नर्स, ट्रकचालक सगळे त्यात. त्यांना एकमेकांपासून वेगळं काढायला प्रगणकानं लिहिलेल्या त्या ओळीशिवाय दुसरं साधन नाही.

त्या ओळीशेजारी आणखी एक रकाना असतो, ‘उद्योग, व्यापार किंवा सेवेचं स्वरूप’. माणूस काय करतो हा व्यवसाय, आणि तो जिथं काम करतो तिथं काय होतं हा उद्योग. साखर कारखान्याचा जीपचालक व्यवसायानं चालक, पण त्याचा उद्योग साखर उत्पादन. दोन्ही रकान्यांत ‘साखर कारखाना’ लिहिलं की चालक नाहीसा होतो.

सगळ्यात मोठी गळती मात्र बायकांच्या कामात होते. “वहिनी काय करतात?” “घरीच असतात.” आणि नोंद पडते, काम न करणारी. जनगणनेच्या व्याख्येत मोबदला मिळो न मिळो, आर्थिक उत्पादनात भाग घेणं म्हणजे काम. घरच्या शेतात बिनपगारी राबणं त्यात येतं, इतकंच काय, फक्त घरच्या वापरासाठी दूध काढणंही येतं. म्हणून विचारायचं ते असं : म्हशीची धार कोण काढतं? डेअरीला दूध कोण घालतं? भांगलणीला (तण काढायला), खुडणीला कोण जातं?

पुढचा प्रश्न दिवसांचा. गेल्या वर्षभरात सहा महिने किंवा जास्त काम केलं असेल तर मुख्य काम करणारी, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. हे सहा महिने सलग असण्याची गरज नाही. तासगावातली बाई वेगवेगळ्या हंगामांत द्राक्षाच्या विरळणीला, बेदाण्याच्या शेडवर आणि भांगलणीला जाते. “वर्षभर कामाला जाता का?” म्हटलं तर ती नाहीच म्हणणार. पाडव्यापासून बेंदरापर्यंत (बैलांच्या सणापर्यंत), बेंदरापासून दसऱ्यापर्यंत, दसऱ्यापासून पुन्हा पाडव्यापर्यंत, असं सणांच्या खुणांनी विचारत गेलं की दिवस आपोआप जुळतात. बेरीज झाल्यावर ज्या कामाला जास्त वेळ गेला ते मुख्य.

ऊसतोडीच्या टोळ्यांत हेच जास्त काळजीनं करावं लागतं. फेब्रुवारीतली मोजणी ऐन गाळपात येते आणि मोजणीचा सगळा काळ गावाबाहेर असलेलं कुटुंब फडावर, खोपीतच मोजलं जातं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, जनगणनेत मात्र ती दोन स्वतंत्र काम करणारी माणसं. शिवाय प्रश्न आजचा नसून वर्षाचा असतो. गावाकडे स्वतःच्या रानात जास्त महिने गेले असतील तर दोघंही शेतकरी, जरी आत्ता हातात कोयता असला तरी.

आडनाव आणि पेन्शन या दोन जागी घाईनं चूक होते. आडनाव लोहार म्हणून ‘लोहारकाम’ लिहू नये. तो वेल्डिंगचं दुकान चालवून गेट-ग्रिल बनवत असेल, तर तेच लिहावं आणि हाताखाली पगारी माणसं आहेत का हेही विचारावं, कारण मालक, नोकर, एकटा काम करणारा आणि कुटुंबातला बिनपगारी यांचा रकाना वेगळा आहे. साताऱ्याकडे घरोघरी माजी सैनिक. “रिटायर आहे” म्हटल्यावर पुष्कळदा पेन अडतं. पेन्शन हा व्यवसाय नाही. तो बँकेच्या दारावर पहारा देत असेल तर सुरक्षारक्षक. घरची जमीन कसायला माणसं लावून पेरणी-खतं-पाण्याचं स्वतः बघत असेल तर शेतकरी, कारण शेतीवर देखरेख करणं हीसुद्धा शेतीच धरली जाते. तीच जमीन दुसऱ्याला खंडानं देऊन तो तिकडे फिरकत नसेल, तर मात्र शेतकरी म्हणून नोंद त्याची न होता कसणाऱ्याची होईल.