बिझनेस कॉर्पोरेशन

बिझनेस कॉर्पोरेशन म्हणजे कायद्याने उभी केलेली एक 'व्यक्ती'. तिच्या नावावर मालमत्ता असते, ती करार करते, दावा लावते, तिच्यावरही दावा लावता येतो, आणि भागधारक मेले किंवा शेअर विकून निघून गेले तरी ती आपली चालूच राहते. कंपनी बुडालीच तर भागधारकाचे गुंतवलेले पैसे जातात, पण कंपनीच्या कर्जापायी त्याच्या घरावर जप्ती येत नाही. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की मुळात ही सवलत होती आणि ती फुकट मिळत नव्हती हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मराठीत नुसतं कॉर्पोरेशन म्हटलं की महानगरपालिका आठवते, आणि त्यात काही चूक नाही. मध्ययुगीन युरोपात हा कायदेशीर साचा आधी शहरं, मठ, विद्यापीठं आणि कारागिरांचे संघ यांच्यासाठीच होता, व्यापारी त्यात नंतर शिरले. राजा सनद द्यायचा, त्या सनदेत काम ठरवून दिलेलं असायचं, बदल्यात मक्तेदारी.

इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीला अशी सनद ३१ डिसेंबर १६०० ला मिळाली, डच ईस्ट इंडिया कंपनीला म्हणजे व्हीओसीला १६०२ मध्ये. व्हीओसीत भाग घ्यायला देशातल्या कुठल्याही रहिवाशाला मुभा होती, ॲमस्टरडॅमच्या नोंदवहीत बड्या व्यापाऱ्यांसोबत १०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) लावणारी एक मोलकरीणही सापडते. पण हीच कंपनी किल्ले बांधायची, तह करायची, लढायाही करायची, आणि हे सगळं सनदेनुसारच. कंपनी आणि सरकार यांच्यातली रेघ तेव्हा पुसटच होती, इंग्लिश कंपनीने तर १७६५ मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी घेऊन ती जवळपास पुसूनच टाकली, म्हणजे भागधारकांना लाभांश वाटणारी कंपनीच आता महसूल वसूल करायला लागली. जुन्या मराठीत 'कंपनी सरकार' म्हणायचे ते उगाच नाही. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तरी वसुलीचा जाच संपला नाही, आणि दोनच वर्षांनी ही कंपनी स्वतः दिवाळखोरीच्या काठावर येऊन ब्रिटिश सरकारच्या दारात उभी! पार्लमेंटने कर्ज दिलं, पण १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट गळ्यात बांधून. बड्या कंपनीला वाचवायचं आणि मग लगाम घालायचा, हा प्रकार २००८ च्या बँकांच्या संकटात सुरू झालेला नाही.

अमेरिकेतही सुरुवातीला पूल, कालवा, रस्ता, बँक अशा कामांसाठी राज्याची विधानसभा बहुतेक वेळा वेगळा कायदा करूनच कंपनी काढून द्यायची. मग रेल्वे आणि कारखान्यांना प्रचंड भांडवल लागायला लागलं, दर वेळी कायदा कोण करत बसणार, आणि ओळखीपाळखी, लाचलुचपत हा वेगळाच ताप. ब्रिटनने १८४४ मध्ये साध्या नोंदणीने कंपनी काढायची सोय केली, १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारी दिली, म्हणजे भागधारकाचं नुकसान त्याने लावलेल्या पैशांपुरतंच. खरं वळण हेच असं मला वाटतं. सवलतीचा हक्क झाला आणि सनदेतली लोकोपयोगी कामाची अट गुपचूप गळून पडली.

हा हक्क कुठवर जातो ते लंडनच्या ॲरन सॉलोमनच्या केसमध्ये दिसतं. बूट बनवणाऱ्या या माणसाने १८९२ मध्ये धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात सभासद हवे होते, म्हणून बायको आणि पाच मुलं यांना प्रत्येकी एक शेअर, बाकीचे २०,००१ स्वतःकडे. कंपनी बुडाली तेव्हा खालच्या कोर्टांना हा सगळा बनाव वाटला, पण हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, तिची देणी त्याच्या माथी मारता येणार नाहीत.

मग कंपन्या एवढ्या फुगल्या की सरकारलाच त्यांची धास्ती वाटायला लागली. १९११ मध्ये अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचे ३४ तुकडे करायचा निकाल लागला तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली.

नफा कुणासाठी, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. हेन्री फोर्डने १९१६ मध्ये गाडीची किंमत ४४० डॉलरवरून ३६० वर आणली आणि जादा लाभांश बंद केला, पैसा कारखाना वाढवायला वापरायचा म्हणाला. भागधारक असलेले डॉज बंधू कोर्टात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते असं म्हणून साधारण १.९ कोटी डॉलर वाटायला लावले, मात्र कारखाना वाढवायला अडवलं नाही, हे बरेच जण सांगताना विसरतात. १९७० मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने हाच विचार आणखी ठासून मांडला. जर्मनीने वेगळी वाट धरली, १९७६ च्या कायद्याने २,००० पेक्षा जास्त कामगारांच्या कंपनीत कारभार चालवणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या, अर्थात समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं जादा मत आहेच.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी ग्राहक, कामगार, पुरवठादार, समाज सगळ्यांचं हित बघू असं निवेदन काढलं. सही करायला काय जातंय! त्यापेक्षा ठोस प्रयोग मेरीलँड राज्याचा, २०१० पासून तिथे 'बेनिफिट कॉर्पोरेशन' म्हणून नोंदणी करता येते, लोकहिताचा उद्देश कंपनीच्या कागदपत्रातच येतो, जसा पूर्वी सनदेत असायचा. आता बऱ्याच राज्यांत असे कायदे आहेत, फक्त तो उद्देश पाळला नाही म्हणून दावा लावायचा हक्क बहुतेक ठिकाणी भागधारक आणि संचालकांनाच आहे, शेजारच्या गावाला नाही.