मृगाचं वाहन आणि टिटवीची अंडी

मृग जवळ आला की गावात पंचांग उघडतं आणि पहिली चौकशी होते ती वाहनाची, म्हणजे नक्षत्र कोणत्या जनावरावर बसून येतंय याची. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर पाणीच पाणी. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम. कोल्हा किंवा मेंढा निघाला की कपाळाला आठ्या. गंमत म्हणजे या जनावरांचा रानातल्या जनावरांशी काडीचा संबंध नाही. सूर्य ज्या नक्षत्रात आहे तिथपासून चंद्र ज्या नक्षत्रात आहे तिथपर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं, बाकी उरेल तसं वाहन. सगळा हिशोब कागदावरचा.

डोळ्यांनी बघून बांधलेले आडाखे वेगळे, आणि खूप जुने. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘सद्योवर्षण’ नावाचा अध्यायच लिहिला. कुणी त्रास दिलेला नसताना मुंग्या अंडी हलवू लागल्या, गाई उड्या मारू लागल्या, मांजर नखांनी जमीन उकरू लागलं की पाऊस आला समजा. मुंग्यांची खूण शेतकरी आजही तशीच सांगतात. मात्र ‘सद्यो’ म्हणजे लगेचचा, आज-उद्याचा पाऊस. हवेतला दमटपणा मुंगीला आपल्याआधी कळत असेल, हे पटण्यासारखं आहे. चार महिन्यांचं भाकीत तिच्याकडे मागणं जरा जास्तच.

टिटवीकडे मात्र ते मागितलं जातं. अंडी ओढ्याच्या पात्रात दिसली तर पाऊस कमी, उंच बांधावर दिसली तर भरपूर. आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस. आता टिटवी सहसा चार अंडी घालते आणि आपला पावसाळाही चार महिन्यांचा. भाकीत चुकायचं कसं?

चातकाचं तसं नाही. उत्तर आणि मध्य भारतात दिसणारे चातक खरोखरच आफ्रिकेतून, नैर्ऋत्य वाऱ्यांच्या साथीने येतात. कालिदासाच्या मेघदूतात मेघाच्या डावीकडे चातक गातो, तो उगीच नव्हे.

पावशा मात्र इथलाच. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालायचा त्याचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो, म्हणून तो पावसाच्या आधीपासून गळा काढतो. त्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू आलं, हिंदी मुलखात ‘पी कहाँ’. इंग्रज साहेबाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं. त्याला कुठे पेरायचं होतं!