माळ्यावरची शिकारीची पेटी विकायला काढण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वाडा किंवा जुना बंगला रिकामा करायची वेळ आली की आम्हाला फोन येतो आणि पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो: "आजोबांनी मारलेला वाघ आहे घरात, पेंढा भरलेला. त्याचे किती येतील?" त्यानंतर बंदुकीबद्दल विचारलं जातं. पेटीत आणखी काय आहे ते आम्हीच विचारून काढून घ्यावं लागतं, आणि विकण्याजोगा माल बहुधा त्या "आणखी काय"मध्येच असतो. आमची पेढी लहान आहे, लिलाव ठरावीकच होतात आणि प्रत्येक वस्तू आम्ही स्वतः हाताळून पाहतो. म्हणून आमच्याकडे येण्याआधी काय विकता येतं, काय येत नाही आणि कशाला हातही लावू नये, ते इथे सविस्तर सांगत आहोत.

भिंतीवरचा वाघ

वाघ, बिबट्या, गवा, सांबर, चितळ, काळवीट यांची डोकी, कातडी, शिंगं, नखं, दात यांतलं काहीही आम्ही लिलावात घेत नाही. इतर कोणी घेतो म्हणालं तरी देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्याआधी शिकार परवान्यावर होत असे, त्यामुळे तुमच्या घरातला वाघ त्या काळच्या नियमांप्रमाणे मारलेला असेलही. पण आज प्रश्न तो कसा मारला हा नसून तो कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचे कागद कुठे आहेत हा आहे. अशा वस्तूसाठी वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. आणि प्रमाणपत्र असलं तरी २००३ सालापासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार ती विकता येत नाही, विक्रीला ठेवता येत नाही, पैशाच्या किंवा वस्तूच्या मोबदल्यात देताही येत नाही. मित्राला भेट म्हणूनही नाही. ती फक्त वारसाहक्कानं पुढे जाते, आणि वारसानं ती मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत वन खात्याकडे तसं घोषणापत्र द्यायचं असतं. हे ९० दिवस बहुतेक घरांत दुःखात आणि धावपळीत निघून जातात. वडील किंवा आजोबा गेले असतील तर बँकेच्या कागदांबरोबर हाही कागद यादीत लिहून ठेवा.

"विक्रीला ठेवणं" यात फोटो काढून जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकणंही आलं. गिऱ्हाईक मिळालं नाही तरी गुन्हा होतो. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या, प्राण्याबाबत शिक्षा किमान तीन वर्षं कैद आहे. म्हणून अशा वस्तूचा फोटो आम्हालाही पाठवू नका. फोनवर तोंडी सांगितलंत तरी पुरे.

ती घरात ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनं एक सरळ वाट करून दिली आहे. मालकी प्रमाणपत्र असलेली व्यक्ती कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करू शकते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. मोबदला काही मिळत नाही, वस्तू सरकारची होते. प्रमाणपत्रच नसेल तर आधी वकिलाशी बोला आणि मग वन खात्याकडे जा. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची सवलत होती, ती केव्हाच संपली. घाबरून वस्तू जाळणं किंवा रात्री ओढ्यात टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. कृपया तसं करू नका.

कागद शोधायला मदत म्हणून एक गोष्ट सांगतो. वाघाचं डोकं लाकडी ढालीवर बसवलेलं असेल तर ढालीची मागची बाजू बघा. तिथे कारागिराचं लेबल, शिक्का किंवा अनुक्रमांक सापडू शकतो. आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त दिसतं ते म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांचं काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेला त्यांचा कारखाना १९९९ साली बंद झाला. पेंढा भरलेला म्हणायची आपली सवय आहे, पण त्यांच्या कामात आत पेंढा नसतो. कागदाच्या लगद्याचा साचा असतो आणि त्यावर कातडं ताणलेलं असतं, म्हणून तर इतक्या वर्षांनीही गालाची वळणं जागच्या जागी दिसतात. हे काम पाहताना आम्हालाही थांबून बघावंसं वाटतं. ते विकता येत नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, आणि ते नीट नोंद करून जपलं जावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

जपताना एक काळजी घ्या. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून संखियाचं, म्हणजे आर्सेनिकचं, लेपण करत. ते विष आजही तिथेच असतं. फडक्यानं झटकू नका, घरच्या व्हॅक्यूमनं ओढू नका, मुलांना केसांवरून हात फिरवू देऊ नका. हलवायचंच असेल तर हातमोजे आणि मास्क घाला आणि नंतर हात साबणानं धुवा.

देवघर आणि दागिन्यांचा डबा

इथे भले भले चुकतात. पूजेला बसायचं मृगाजिन, बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख, सांबराच्या शिंगाची मूठ असलेली काठी किंवा सुरी, हस्तिदंती फणी, या सगळ्याला वरचाच कायदा लागू होतो. सोनाराकडे दागिने मोडायला नेताना वाघनखाचं लॉकेट त्यात राहून जातं आणि मग नको तो प्रश्न उभा राहतो. मोराच्या पिसाऱ्यातली पिसं मात्र वेगळी. त्यांचा पंखा किंवा मोरचेल देशात विकायला या कायद्याची आडकाठी नाही. म्हशीचं शिंग, गाईबैलाचं कातडं हे पाळीव जनावरांचं असल्यामुळे त्यालाही हा कायदा लागत नाही. फक्त शिंग म्हशीचं की सांबराचं हे डोळ्यांनी ठरवायची घाई करू नका. म्हशीचं शिंग काळसर आणि मुळाशी पोकळ असतं. सांबराचं हाडासारखं भरीव असतं आणि वर खडबडीत पन्हळ्या असतात. शंका असेल तर ती वस्तू बाजूला ठेवा.

बंदूक

बंदूक आम्ही आमच्या जागेत घेत नाही आणि आमच्या लिलावात पुकारत नाही. तो धंदा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचा आहे. आम्ही तिची माहिती लिहून देतो, अंदाजे किंमत सांगतो आणि विक्रेत्याकडे पुढचं काम करून घ्यायला मदत करतो.

परवाना ज्यांच्या नावावर होता ते हयात नसतील तर बंदूक घरात ठेवून बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. स्वतः गाडीत टाकून नेण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करा, ते सांगतील तसं करा. वारसाला ती ठेवायची असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे वारसा म्हणून अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. वडील हयात असतील आणि त्यांचं वय ७० झालं असेल, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ती त्यांच्या हयातीतच पुढच्या पिढीच्या नावावर करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. वडील असताना हे उरकलं तर पुढची वर्षभराची धावपळ वाचते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशानं आलेली धरूनही.

विकायची असेल तर घेणाऱ्याकडेही परवाना हवा. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवल्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. घाई करणारा ग्राहक असेल तर नको म्हणा.

"पण ती उडतच नाही, नुसती शोभेची आहे," असं खूपदा ऐकतो. दुरुस्त करूनही जिचा बंदूक म्हणून वापर होऊच शकणार नाही, अशा जुन्या शस्त्राला शस्त्र कायद्यात सूट आहे. पण उडणार नाही हे तुम्ही किंवा आम्ही ठरवून चालत नाही. गंज चढलेली ठासणीची बंदूकसुद्धा एखादा चांगला कारागीर चालू करू शकतो. अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

आता किंमत कशात असते ते. एखादी दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, परवानाधारक विक्रेत्याच्या टेबलावर मोडून उघडली की आम्ही नळ्यांच्या वरची नक्षी बाजूला ठेवतो आणि नळ्या उलट्या करतो. मागच्या टोकाला, जिथे त्या बंदुकीच्या धातूच्या खोक्यात बसतात, तिथे सपाट जागेवर बारीक शिक्के असतात. मुकुट आणि खाली अक्षरं, हा इंग्लंडमधल्या लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा शिक्का. नळीनं दारूचा ठराविक दाब सोसला, याची ती खूण. आकडा १२ असेल तर ती बारा बोअर, म्हणजे एका पौंडाच्या शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातली एक जितकी जाड होईल तितकी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेलं नाव वाचून लगेच खूश होऊ नका. ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन या दुकानांनी विलायती बंदुका आपल्या नावानं पुष्कळ विकल्या. बनवणारा कोण हे शिक्क्यांवरून आणि आतल्या कामावरून कळतं.

नळीवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळ्या घालून, ठोकून जोडलेली. दिसायला अतिशय देखणी, पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचं काडतूस त्यात घालून उडवलं तर नळी फुटू शकते. लग्नात किंवा दसऱ्याला आवाज काढायला म्हणून अशी बंदूक उडवू नका, अगदी एकदाही नाही.

कपाटात जुनी काडतुसं सापडली तर ती बंदुकीबरोबरच जमा करा. कागदी आवरणाची काडतुसं दमट होऊन फुगलेली असतात, ती उघडून बघायचा मोह टाळा.

जे खरंच विकलं जातं

आमच्या लिलावांत ज्या वस्तूंवर बोली रंगते त्या बहुतेक घरांत अडगळ म्हणून टाकायला काढलेल्या असतात. बंदुकीची मूळ चामडी पेटी, आत हिरवं किंवा लाल बनात (जाड लोकरी कापड), झाकणाच्या आतल्या बाजूला विक्रेत्याचं छापील लेबल, ते लेबल शाबूत असेल तर पेटी एकटीसुद्धा चांगली जाते. काडतुसांची चामडी थैली, पट्टा, बंदुकीच्या दारूचं पितळी माप, नळी पुसायच्या गजांचा जोड. रुडकी चेअर, जी खिळा न मारता सुटी करून गुंडाळता येते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकीच्या लष्करी इंजिनिअरांकडून आली. शोला टोपी. दुर्बीण. कंदील.

मासेमारीचं सामान तर कोणी मोजतच नाही. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली गळाची काठी आणि तिला जोडलेलं पितळी किंवा मिश्रधातूचं रीळ, त्यावर विलायतेतल्या ॲल्निक गावच्या हार्डी ब्रदर्सचं नाव असेल तर ते जपून बाजूला ठेवा आणि फोन करा. मध्यंतरी एका आजींनी असं रीळ दोऱ्याचं रीळ समजून शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. आम्ही ते हातानं फिरवलं तर आतली कळ अजून टिकटिक वाजत होती.

आणि कागद. शिकारीची वही, तारखा, नदीचं नाव, किती वाजता काय दिसलं, सोबत कोण होतं. फोटोंचे अल्बम. परवान्याची जुनी पुस्तकं. वहीतल्या मजकुराला वन्यजीव कायदा लागत नाही, फक्त पानांत पीस किंवा केस चिकटवलेले असतील तर आधी आम्हाला सांगा. अभ्यासक आणि संग्राहक अशी वही शोधत असतात, कारण त्या जंगलात तेव्हा काय होतं हे तिच्यात लिहिलेलं असतं. आमची विनंती अशी की वही विकण्याआधी घरात सगळ्यांनी एकदा वाचा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. मग विकायची की नाही ते ठरवा. ठेवायचं ठरलं तर आम्हाला वाईट वाटणार नाही.

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, उदाहरणार्थ हत्तीवरचा हौदा किंवा बंदुकीची दारू ठेवायचं नक्षीचं शिंग, पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. ती परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही, आणि काही प्रकारांची नोंदणी लागते. असा माल आला की आम्ही आधी नोंदणीचं बघतो.

घासूपुसू नका

पाहुणे येणार म्हणून घर लख्ख करतो, तसं लिलावाआधी सामान लख्ख करायची इच्छा होते. ती आवरा. पितळेला चिंच किंवा पितांबरी लावली की शंभर वर्षांचा रंग पाच मिनिटांत जातो आणि त्याबरोबर किंमतही. चामड्याला खोबरेल तेल चोळू नका, ते काळं पडतं आणि शिवण सुटते. गळाची काठी कोपऱ्यात उभी ठेवली तर कायमची वाकते, ती कापडी पिशवीत घालून टांगून ठेवा. धूळ मऊ ब्रशनं झटकली की पुरे, बाकी आमच्यावर सोडा.

लिलाव कसा होतो

वस्तू आली की आम्ही तिचं वर्णन लिहितो, उणिवांसकट. तडा असेल तर तडा लिहितो. राखीव किंमत तुमच्याशी बोलून ठरते आणि ती बोली लावणाऱ्यांना सांगितली जात नाही. बोली तिथपर्यंत पोचली नाही तर वस्तू तुम्हाला परत मिळते. कमिशन विक्री झाल्यावरच, करारात लिहिलेल्या दरानं. कराराची प्रत घेतल्याशिवाय आमच्याकडेसुद्धा काही ठेवून जाऊ नका.

भेटीला येताना वस्तूंचे दिवसाउजेडी काढलेले फोटो आणा, प्राण्यांच्या वस्तू आणि बंदूक वगळून. लेबल, शिक्का, कोरलेलं नाव असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो. बंदुकीचा परवाना आणि वन खात्याचं प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स. सामान फार असेल तर आम्ही घरी येऊन बघतो, त्याचे पैसे घेत नाही. आम्ही येईपर्यंत माळा झाडू नका.