टीव्हीचा अँटेना (छपरावरील)

दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी थेट पकडण्यासाठी गच्चीवर किंवा कौलांवर उभारलेला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा. भारतात सर्वाधिक दिसला तो यागी-उडा प्रकार. सेंदाई (जपान) येथील विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो 1926 च्या सुमारास मांडला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी प्रक्षेपण होऊ लागले आणि पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेने एकजात नैर्ऋत्येला तोंड करून उभे राहिले.

एका लांब दांडीवर आडव्या काड्या, अशी याची रचना असते. सर्वांत मागची आणि लांब काडी परावर्तकाचे काम करते. तिच्यापुढच्या, बहुधा दुमडलेल्या नळीला वायर जोडतात. त्यापुढच्या आखूड काड्या लहरींना वाट दाखवतात, म्हणून आखूड काड्यांचे टोक मनोऱ्याकडे हवे. लांब काडी पुढे करून उलटा लावलेला अँटेनाही थोडेफार चित्र देतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. काडीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी असते: 60 मेगाहर्ट्‌झच्या प्रक्षेपणाला जवळजवळ अडीच मीटर, तर 500 मेगाहर्ट्‌झला केवळ 30 सेंटिमीटर.

दिशा जमवणे हे दोघांचे काम. एक जण गच्चीवर पाइप हळूहळू फिरवतो, दुसरा खाली टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘मुंग्या आहेत अजून! थोडं डावीकडे... हां, थांब, थांब!’ हा संवाद एका अख्ख्या पिढीच्या कानांत आहे. मुंग्या, म्हणजे पडद्यावर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके, दिसल्या की लहरी क्षीण. एकाच माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसली, तर डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोचते आहे असे समजावे. तिथे बूस्टर (लहरींचा जोर वाढवणारे उपकरण) लावून उपयोग नाही, कारण तो सावलीही वाढवतो. अँटेना थोडा फिरवून किंवा हातभर सरकवून पाहावा. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबई, औरंगाबादसह काही शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोन फुटतात किंवा ते एकदम जाते आणि परत यायला थोडा वेळ लागतो. म्हणून प्रत्येक वळणानंतर काही सेकंद थांबावे लागते.

दिशा चुकली तर पुन्हा फिरवता येते, उभारणीतली चूक मात्र जिवावर बेतते. सर्वांत मोठा धोका वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा. आपल्याकडे त्या बहुतेक उघड्याच असतात आणि उच्च दाबाच्या तारेपासून पाइप जवळ गेला तरी ठिणगी उडी मारू शकते. पाइप आणि अँटेना मिळून जेवढी उंची होईल, तिच्या निदान दुप्पट अंतर तारांपासून ठेवावे, म्हणजे सगळे आडवे झाले तरी तारेला लागणार नाही. एवढी जागा नसेल तर तिथे अँटेना उभारूच नये. पाइप हातातून निसटून तारांकडे झुकू लागला तर तो पकडायला धावू नये, सोडून द्यावा. कोणी चिकटलेच तर त्याला हात न लावता आधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करवावा.

जोडणी जमिनीवरच उरकावी. ॲल्युमिनियमऐवजी कोरडी लाकडी शिडी घ्यावी. शेवाळलेल्या कठड्यावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. पत्रा न करकरता फुटतो. उंच पाइपाला तीन बाजूंनी ताण (ओढून बांधलेल्या तारा) द्यावेत, त्यांची टोके भक्कम भिंतीत ठोकलेल्या हुकांना बांधावीत, पाण्याच्या टाकीच्या नळाला नव्हे. पाइपापासून जाड तांब्याची तार शक्य तितकी सरळ जमिनीत नेऊन अर्थिंग करावे. थेट पडलेल्या विजेपासून ते वाचवत नाही, पण साचलेला विद्युतभार उतरवते. वळवाचे ढग दिसताच टीव्हीची वायर काढून ठेवावी आणि गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

केबल घरात शिरते तिथे तिला खाली एक झोळ द्यावा: पावसाचे पाणी वायरीवरून घरंगळत येऊन त्या झोळाच्या तळाशी ठिबकते, भिंतीत शिरत नाही. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने नटबोल्ट गंजतात, म्हणून पावसाळ्याआधी ते तपासून अँटेनाजवळच्या जोडावर नवी टेप गुंडाळतात.