यूएस विमेन्स ओपन : बक्षिसाच्या पैशांमागचा इतिहास

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियोत अदिती अशोकचे ऑलिंपिक पदक एका फटक्याने हुकले, तेव्हा गोव्यात माझ्यासारख्या फुटबॉलवर वाढलेल्या अनेकांनी पहिल्यांदाच गोल्फ शेवटपर्यंत पाहिला. एरवी आपल्यासाठी हा खेळ म्हणजे काणकोण नाहीतर मोबोरच्या हॉटेलांच्या कुंपणाआड दिसणारी हिरवळ. अलीकडे मिरगाच्या आसपास, आपल्याकडे पावसाची वाट पाहिली जात असतानाच, अमेरिकेत यूएस विमेन्स ओपन रंगते. महिलांच्या पाच प्रमुख स्पर्धांतली ही सर्वांत जुनी स्पर्धा.

अमेरिकेची गोल्फ संघटना (यूएसजीए) पुरुषांची खुली स्पर्धा १८९५ पासून भरवत होती आणि हौशी महिलांची स्पर्धाही तिने त्याच वर्षी सुरू केली होती. मात्र गोल्फवरच पोट असलेल्या महिलांसाठी तिच्याकडे काहीही नव्हते. त्यामुळे अशा खेळाडूंनी आपली स्वतंत्र संघटना उभारली आणि १९४६ मध्ये, म्हणजे मडगावात लोहियांची सभा झाली त्याच वर्षी, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात पहिली स्पर्धा घेतली. बक्षिसांचे १९,७०० डॉलर तिथल्या एका पुरुष मंडळाने दिले आणि ते आले होते मंडळाच्या जुगाराच्या यंत्रांतून. मांडवीतली कॅसिनोची जहाजे रोज पाहणाऱ्या पणजीकराला हा तपशील सहज विसरता येणार नाही. विजेत्या पॅटी बर्गला ५,६०० डॉलर मिळाले, तेही युद्धरोख्यांच्या, म्हणजे युद्धासाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या रूपात.

१९४९ मध्ये स्पर्धा एलपीजीए या व्यावसायिक महिला गोल्फपटूंच्या नव्या संघटनेकडे आली आणि १९५३ मध्ये यूएसजीएने ती आपल्याकडे घेतली. पुढच्याच वर्षी बेब झहारियसने, आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला सव्वा वर्ष झालेले असताना, १२ फटक्यांच्या फरकाने विजेतेपद मिळवले. दोन वर्षांनी त्याच आजाराने तिचे निधन झाले.

मला मात्र सर्वांत अस्वस्थ करते ते १९५७ चे वर्ष. न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबवर हवाईची जॅकी पुंग सर्वांत कमी, २९८ फटक्यांत स्पर्धा संपवून विजेती ठरल्यासारखीच होती. गोल्फमध्ये एका खेळाडूचे फटके तिच्यासोबत खेळणारी नोंदवते आणि कार्डावर सही करून त्याची जबाबदारी खेळाडूने स्वतः घ्यायची असते. चौथ्या होलवर (चेंडू ज्यात पोहोचवायचा त्या खळग्याच्या टप्प्यावर) पुंगने सहा फटके घेतले होते, कार्डावर पाच लिहिले गेले. एकूण बेरीज बरोबर होती. पण नियम बेरजेला नव्हे, प्रत्येक होलच्या आकड्याला महत्त्व देतो, म्हणून तिला बाद करण्यात आले आणि २९९ फटके घेणारी बेट्सी रॉल्स विजेती ठरली. नियम योग्यच होता असे मानूनही मन तिच्याच बाजूने झुकते. क्लबच्या सदस्यांचेही तसेच झाले असावे, कारण त्यांनी तिथल्या तिथे वर्गणी काढली आणि ती रक्कम पहिल्या बक्षिसाहून मोठी झाली.

त्यानंतरचा मोठा टप्पा १९९८ चा. विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकवुल्फ रनवर दक्षिण कोरियाची वीस वर्षांची से री पाक आणि हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपॉर्न यांची चार दिवसांनंतर बरोबरी झाली, म्हणून सोमवारी पुन्हा १८ होल खेळवले गेले. शेवटच्या होलवर पाकचा चेंडू तळ्याच्या उतारावर अडकला. तिने बूट आणि मोजे काढले, पाण्यात उतरून चेंडू बाहेर मारला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्यांखालची तिची पांढरी पावले तेव्हा कॅमेऱ्यात स्पष्ट दिसली. बरोबरी कायम राहिली आणि आणखी दोन होलनंतर, एकूण ९२ व्या होलवर, ती जिंकली. आर्थिक संकटात सापडलेल्या तिच्या देशात लोकांनी ते दृश्य जपून ठेवले. त्या वेळी लहान असलेल्या मुलींपैकी इनबी पार्कने दहा वर्षांनी, १९ व्या वर्षी, हीच स्पर्धा जिंकली आणि ती तोवरची सर्वांत तरुण विजेती ठरली.

२०२३ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या प्रसिद्ध मैदानावर झाली. २०२४ मध्ये एकूण बक्षीस १ कोटी २० लाख डॉलरवर पोहोचले आणि त्यातले २४ लाख विजेत्या युका सासोला मिळाले.