पार्किन्सन्सचा व्यायाम चार लोकांत कसा आला

गोव्यात आमच्या डिचोलीत एक निवृत्त सर आहेत, सगळी नोकरी मराठी शाळेत गेली, अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. दोनेक वर्षांपूर्वी ते अक्षर बारीक व्हायला लागलं, ओळ संपेपर्यंत नुसत्या मुंग्या, घरच्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. शेवटी बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवलं तेव्हा कळलं पार्किन्सन्स, हालचाल मंद करणारा मेंदूचा आजार, सुरुवातीची स्टेज. गोळ्या चालू झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं फिजिओथेरपीच्या ग्रुपला पण जा. सर म्हणाले, अहो हात जरासा थरथरतो इतकंच, मी काय अंथरुणाला खिळलोय का, आणि व्यायाम करायचाच तर चार लोकांत कशाला? सरांना हसायला नको, कारण डॉक्टर लोक स्वतःच कितीतरी वर्षं साधारण असंच म्हणत होते.

मुळात हा आजार नीट लिहून ठेवला १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सननी. पेशंट फक्त सहा, त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. उपाय काय सुचवला, तर मानेतून रक्त काढणं! पुढे पॅरिसचे मेंदूचे डॉक्टर शार्को यांनी आजाराला त्यांचं नाव दिलं. ट्रेनचा किंवा घोडागाडीचा लांब प्रवास करून आलं की आपल्याला बरं वाटतं असं पेशंट सांगायचे, म्हणून शार्कोनी चक्क हलणारी खुर्ची करून घेतली. हसू येतं, पण अंग हललं की फरक पडतो हे कुणीतरी कान देऊन ऐकलं होतं एवढं खरं.

आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात आहेच, आणि त्यावर कवचबीज, म्हणजे आपली कुंपणावरची खाजकुयली. १९३७ मध्ये भारतीय केमिस्टनी तिच्या बियांतून लेव्होडोपा, म्हणजे आज या आजारावर देतात तेच औषध, वेगळा काढला होता, पण तेव्हा त्याचा या आजाराशी संबंध कुणाच्या ध्यानातच नव्हता. (म्हणून कुणी परसातल्या बिया कुटून खाऊ नका, डोसचा पत्ता लागत नाही.) या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं हे व्हिएन्नात १९६० मध्ये दिसलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर कोट्झियासनी लेव्होडोपा (मेंदूत त्याचंच डोपामिन होतं) मोठ्या डोसमध्ये तोंडाने देऊन दाखवला. जखडलेली माणसं उठून चालायला लागली म्हटल्यावर व्यायामाला कोण विचारतो.

त्याच १९६७ मध्ये होएन आणि यार या डॉक्टरांनी आजाराच्या स्टेज ठरवल्या, अजून त्याच वापरतात. पहिलीत एकच बाजू, दुसरीत दोन्ही बाजू पण तोल शाबूत, तिसरीपासून तोल जायला लागतो. सुरुवातीचा पार्किन्सन्स म्हणतात तो ढोबळमानाने या पहिल्या दोन स्टेजचा. आणि गोळीची खरी अडचण तिसरीतच कळते, ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा ती कमी करते, पण तोल आणि पडणं याला तिचा तेवढा उपयोग होत नाही.

मग फिजिओथेरपी तपासून पाहिली. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये फायदा दिसलाच नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत चार आठवडे चांगला कसून व्यायाम घेतला, लोक सुधारले, आणि सहा महिन्यांनी बघतात तर परत मूळपदावर, कारण घरी गेल्यावर कुणी करतच नव्हतं. मला विचाराल तर ग्रुपची गोष्ट इथून सुरू होते. व्यायाम निरुपयोगी नव्हता, तो बंद पडत होता. २०१६ मध्ये ब्रिटनमध्येच ७६२ पेशंटवर परत मोठी ट्रायल झाली, थेरपी ग्रुपमध्ये नाही तर एकेकट्याला, पण सेशन साधारण चारच, आणि परत फायदा शून्य. चार वेळा जाऊन काय होणार सांगा!

दुसरा धागा तालाचा. न सांगता आपोआप होणारी हालचाल, म्हणजे पाऊल टाकणं, चालताना हात हलणं, ही ज्या भागातून चालते तोच भाग यात बिघडतो, पण बाहेरून खूण मिळाली, जमिनीवर पट्टे किंवा कानावर ठेका, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. १९९६ मध्ये थॉट आणि त्यांच्या टीमने तालावर चालायचा सराव देऊन चाल सुधारलेली दाखवली. मग २००१ मध्ये ब्रुकलिनला मार्क मॉरिसच्या डान्स ग्रुपने पार्किन्सन्सवाल्यांसाठी क्लास काढला, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ लोकांची ट्रायल आली, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, सगळे मिळून ताई ची, म्हणजे चिनी पद्धतीचा संथ व्यायाम. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल सुधारला, पडणं कमी झालं. २०१४ च्या युरोपियन गाइडलाइनने तर निदान झालं की लवकरच फिजिओकडे पाठवा असं म्हटलं, पडायची वाट बघू नका.

आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षणच १९५३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीमुळे, त्यामुळे बराच काळ फिजिओ म्हणजे पोलिओ, फ्रॅक्चर आणि लकवा. पार्किन्सन्ससाठी मुंबईत २००१ मध्ये सोसायटी निघाली, पुण्यात मित्रमंडळ आहे, डान्सचा क्लास पण झाला. गोव्यात अजून हात खिशात लपवणारेच जास्त भेटतात, लग्नाला गेलं तर जेवायला बसत नाहीत, डाळ सांडेल म्हणून.

सर शेवटी गेले, बायकोने जवळजवळ ओढत नेलं. वेळ सकाळी दहाची, कारण नऊच्या गोळीचा असर तेव्हा चांगला असतो. पहिले दोन आठवडे गप्प कोपऱ्यात. मग एक दिवस फिजिओने मोबाइलवर इंग्लिश गाणं लावलं तर सर म्हणाले हे बंद करा, आणि स्वतः टाळ घेऊन आले, भजनातला साधा ठेका, त्यावर सगळ्यांनी लांब पावलं टाकायची. आता त्यांचा एक नियम आहे, जो येणार नाही त्याला सर फोन करतात, आणि हजेरीपण स्वतःच लिहितात, मोठ्या अक्षरात, चार रेघी वहीत.